मास्तरांच्या तोंडातला वॉल्व्ह

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मास्तर पुढच्या उजव्या चाकाचे नट आवळत होते. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग पुन्हा अलीकडचा. गाडी जॅकवरून खाली आली होती, टायर जमिनीला टेकला होता आणि पान्याच्या प्रत्येक झटक्याबरोबर तिचं फिकट निळं बॉनेट किंचित डोलत होतं. गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत ताई बसल्या होत्या, मास्तरांच्या थोरल्या बहीण. घाट ओलांडून एक वाजायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. पाण्याची टाकी दुरुस्त करणारा माणूस यायचा होता, आणि तो एकदा दारावरून परत गेला की महिनाभर तोंड दाखवत नसे.

"बारक्या, नट आवळतोयस की त्यांना झोपवतोयस?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना बारक्या म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. बाकी गावासाठी ते मास्तर होते आणि जुन्या ट्रकवाल्यांसाठी ड्रममास्तर.

हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक लोखंडी डबडं. आतले दोन अर्धगोल शू फाकून त्याला दाबले की चाक थांबतं. मास्तरांनी उभं आयुष्य या डबड्यात घातलं होतं. मिसरूड फुटायच्या आधी ते एका ट्रकच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथल्या उस्तादांच्या शिव्या खात शिकले. ड्रमला हातोडीने टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून, तो तडकलाय की नाही ते सांगत. शूवर नवी लायनिंग, म्हणजे ड्रमला घासणारी पट्टी, रिबिटांनी ठोकून बसवत. लायनिंगच्या धुळीने त्यांना खोकला दिला होता, आणि एका निसटलेल्या स्प्रिंगने डावा अंगठा कायमचा वाकडा केला होता. डिस्क ब्रेकच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "फिरत्या ताटलीला चिमटा काढायचा आणि म्हणायचं थांब," असं ते म्हणत. त्या गाड्याही ते दुरुस्त करत, पण शेजाऱ्याच्या मुलाचा अभ्यास घ्यावा तशा. नीट, पण जीव न लावता.

ही निळी गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती ताईंकडे गेली, कारण घरात चालवण्याची हौस फक्त त्यांना होती. मास्तरांना गाडी चालवण्याचा कंटाळा होता. दुसऱ्याच्या गाडीत बसणं तर त्याहून नकोसं. ब्रेकवाल्याला इतरांचे ब्रेक कसे असतात ते ठाऊक असतं. शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढची फरशी दाबायला लागे. बायको म्हणायची, आमच्या पिकअपला तीन ब्रेक आहेत, दोन कंपनीचे आणि एक यांचा.

गेल्या वर्षात घाट उतरताना ताईंच्या गाडीचे ड्रम दोनदा तापले होते. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबायला तयार नाही. ताईंनी ही गोष्ट भाजी महाग झाल्यासारखी सांगितली. पहिल्या वेळी मास्तरांनी नवी लायनिंग घातली. दुसऱ्या वेळी ते रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला, गाडी घेऊन ये, पुढच्या चाकांना डिस्क लावतो. मग ताईंनी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

काम त्यांनी जीव ओतून केलं. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलची चकती आणि कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा तो चिमटा, शोधून आणले. जाड पत्र्याचे ब्रॅकेट स्वतः कापून घेतले. तेलाच्या नव्या रबरी नळ्या घातल्या, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवला. मागची चाकं ड्रमवरच ठेवली, तो शिरस्ताच असतो. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना बायको पेडलवर बसली आणि मास्तर चाकापाशी. दाब, धर, सोड. आपला संसार या तीन शब्दांवर उभा आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

नट आवळून झाल्यावर मास्तरांनी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली. पेडल वर होतं, घट्ट होतं. ब्रेक लागला की गाडी डावी-उजवीकडे न ओढता जागच्या जागी बसत होती. परत आल्यावर बायकोने चाकाजवळ तळवा नेला आणि मागे घेतला. एवढ्याशा चकरेत एवढं गरम कसं, असं तिने विचारलं. मास्तर म्हणाले, नवे पॅड आहेत, घासून बसायला वेळ लागतो, नवी चप्पल चावतेच. खरं तर त्यांना घाटाच्या पहिल्या चार वळणांपर्यंत स्वतः जाऊन यायचं होतं. तसं ते बोललेही. पण ताई तोवर स्टिअरिंगवर बसल्या होत्या आणि पिशवी मागच्या सीटवर गेली होती. टाकीवाल्याचं नाव निघालं. मास्तरांनी दार लावलं आणि छपरावर दोन थापा मारल्या.

गाडी गेली. बायकोने फरशीवरच्या तेलावर लाकडाचा भुसा टाकला. मास्तरांनी हत्यारं पुसायला घेतली. बराच वेळ दोघं आपापल्या कामात होते.

"पण परवा ताईंना तुम्ही दुखावलंत बरं का," बायको झाडू मारता मारता म्हणाली. "त्या तुमच्यामागे उभ्या राहून विचारत होत्या, काय रे, बसला का तुझा डिस्कवर विश्वास? आणि तुम्ही ढिम्म. नुसती मान हलवलीत. मला म्हणाल्या, बघ, अजून याला हो म्हणवत नाही."

मास्तरांना आठवेना. मी कशाला गप्प बसेन, असं ते म्हणाले.

"तोंडात तुमचं ते बटण होतं ना. मग कसले बोलताय."

पाना पुसणारा मास्तरांचा हात थांबला.

त्या बटणाची गोष्ट गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत होती. ब्रेकचं पेडल दाबलं की ज्या नळकांड्यातून तेल चाकांकडे ढकललं जातं, त्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी ड्रमच्या गाड्यांत शर्टाच्या बटणाएवढा एक रबरी वॉल्व्ह असतो. सिलिंडर जोडताना तो विसरणं अगदी सोपं. उस्तादांनी त्यावर तोडगा काढला होता. नवा वॉल्व्ह आधी ओठांत धरायचा आणि मग बाकीचं जोडायला घ्यायचं. तोंड मोकळं झालं म्हणजे वॉल्व्ह जागेवर गेला. मास्तरांनी हा रिवाज कधी मोडला नाही. त्यांचे ओठ मिटलेले दिसले की ट्रकवालेसुद्धा बाहेर थांबत.

पाय उचलल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक ठेवणं, एवढंच त्या बटणाचं काम. ड्रमला तो दाब हवा असतो. त्याच्या आतल्या स्प्रिंगा शूंना मागे ओढून धरतात, म्हणून शू घासत नाहीत. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. दाब शिल्लक राहिला की पॅड चकतीला चिकटून राहतात. गाडी ब्रेक लावूनच पळते, चालवणाऱ्याला पत्ता नसतो. चकती तापते, कॅलिपर तापतो, शेवटी आतलं तेल उकळतं. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि पेडल फरशीला जाऊन टेकतं.

मास्तरांना हे सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मागच्या ड्रमांसाठी त्यांनी वेगळा वॉल्व्ह मागच्या नळीत बसवला होता. सिलिंडरच्या तोंडाचा काढायचा आणि बाजूला ठेवायचा, असं ठरलं होतं. डोक्याचं ठरलं होतं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी टेबल पाहिलं. सिलिंडरच्या नव्या किटमधला एक वॉल्व्ह उरायला हवा होता. ट्रे उलटा केला, खालचा भुसा हातांनी चाळला, खिसे पाहिले. बायको काय हरवलंय म्हणून विचारत राहिली. बटण कुठेच नव्हतं.

"आत आहे," ते म्हणाले. "मीच घातलंय."

बायकोला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. गरम चाकाजवळ तिचाच हात गेला होता. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि पिकअपची किल्ली खिळ्यावरून काढली.

ताईंचा फोन वाजत राहिला. गाडीत बसल्या की त्या फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर टाकत. मला दोनच कान आहेत आणि ते इंजिनासाठी आहेत, असा त्यांचा खाक्या. मास्तरांनी पुन्हा लावला. पुन्हा. गावाबाहेर पडेपर्यंत फोन त्यांच्या कानालाच होता, आणि दर वेळी तीच धून वाजून संपत होती.

घाटाच्या पायथ्याला पेट्रोल पंप होता. पंपावरच्या माणसाने निळी गाडी ओळखली. बाई हवा भरून गेल्या, म्हणाला, होऊन गेली दहाएक मिनिटं. मग स्वतःहून म्हणाला की पुढच्या चाकांपाशी जळल्यासारखा वास येत होता. त्याने तसं बाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, नवे पॅड आहेत, भाऊ म्हणालाय वास येणारच.

मास्तर वासाबद्दल काही बोलले नव्हते. पण ते चप्पल म्हणाले होते, आणि ताईंनी त्या चपलेतून वासापर्यंतचा अर्थ काढला होता. गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे ताईंसाठी काळ्या दगडावरची रेघ. ते पिकअपमध्ये परत चढले.

चढ सुरू झाला. चढावर ब्रेक लागत नाही, पण चिकटलेल्या पॅडना त्याचं काय. गाडी ओझं ओढत वर जात असणार आणि चकत्या तापत असणार. चढ संपेपर्यंत धोका नाही, असं मास्तर बायकोला सांगत होते, म्हणजे स्वतःला सांगत होते. माथ्यावर चहाची टपरी आहे. ताई तिथे थांबतातच. थांबल्या की चाकं निवतील, आपण गाठू. बायको एका लाकडाच्या ट्रकमागे अडकली होती. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला म्हटलं, "काढ, काढ, घाल पुढे."

"आज पाय नाही का दाबायचा?" ती म्हणाली, आणि ट्रकच्या पुढे गेली.

हसायला कोणी थांबलं नाही. माथा आला. टपरीसमोर दोन मोटरसायकली होत्या आणि एक रिकामी बस. निळी गाडी नव्हती. टपरीवाल्याला बायकोने खिडकीतूनच विचारलं. त्याने उताराकडे बोट दाखवलं. बाई आज उतरल्या नाहीत, नुसता हात दाखवून गेल्या, घाईत दिसल्या. आत्ताच.

पलीकडचा उतार चढापेक्षा तीव्र होता. एका बाजूला डोंगर आणि त्याच्या पायाशी पावसाचं पाणी वाहून नेणारी उथळ नाली. दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे झाडांचे शेंडे. बायकोने दुसरा गियर टाकला. मास्तरांचा पाय फरशीवर दाबलेला होता. तिसऱ्या वळणावर त्यांना खाली निळं छप्पर दिसलं. पुढच्या दोन्ही चाकांपाशी पांढरट धूर होता, ओल्या सरपणाचा असावा तसा.

बायकोने हॉर्न दाबून धरला. पुढच्या वळणानंतर दोन्ही गाड्या एका सरळ पट्ट्यावर आल्या, मध्ये शंभरेक पावलांचं अंतर. मास्तरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवले. निळ्या गाडीच्या खिडकीतून ताईंचा हात बाहेर आला आणि शांतपणे पुढे-पुढे हलला. कुणाला घाई असेल तर जा बाबा पुढे.

"अहो, पुढे जा म्हणतायत त्या," बायकोच्या तोंडून निघालं.

पट्ट्याच्या टोकाला वळण होतं. ताईंच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

गाडी मंदावली नाही.

दिवे विझले, पुन्हा लागले. विझले, लागले, विझले, लागले. ताई पेडलवर पाय मारत होत्या. मास्तरांनी ते दिवे मोजले नाहीत, पण प्रत्येक वेळी पाय कुठवर गेला असेल ते त्यांना समजत होतं. अर्ध्यापर्यंत. पाऊण. फरशी. वळण जवळ येत होतं, कठडा समोर होता.

मग इंजिनाचा आवाज एकदम चढला. ताईंनी गियर खाली आणला होता. गाडीला हिसका बसला, तिचं मागचं अंग खाली दबलं, मागची चाकं किंचाळली आणि डांबरावर दोन काळे पट्टे उमटत गेले. नाक डावीकडे वळलं, कठड्यापासून डोंगराकडे. डावी चाकं नालीत उतरली, पत्रा दगडांना खरवडत गेला, साइड मिररचा तुकडा उडाला आणि गाडी कलंडल्यासारखी होऊन थांबली.

पिकअप पूर्ण थांबायच्या आत मास्तर खाली उतरले होते. धुराचा कडू वास घशात बसला आणि खोकल्याने त्यांना वाकवलं. ते तसेच वाकलेले दारापाशी पोचले. ताई ताठ बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात हँडब्रेकच्या दांड्यावर होते आणि दांडा शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेला होता. हँडब्रेक तारेने मागच्या चाकांना जातो. तेलाशी त्याचा संबंध नसतो.

"सोड आता," मास्तर म्हणाले. "गाडी थांबलीय."

ताईंच्या बोटांनी ऐकलं नाही. बायकोने मागच्या दाराने आत शिरून एकेक बोट सोडवलं. मग चाकापुढे मोठा दगड लावला, पाण्याची बाटली आणली आणि ताईंच्या हातात न देता स्वतःच त्यांच्या ओठांना लावली. ताई दोन घोट प्यायल्या. कपाळावर दारावर आपटल्याचं टेंगूळ येऊ लागलं होतं. दुसरं काही लागलेलं नव्हतं.

"पेडलच नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "पाय टाकला तर खाली काहीच नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसं."

मास्तरांना पळवाट होती. तेल खराब निघालं म्हणता आलं असतं. कॅलिपर जुना होता म्हणता आलं असतं. ताईंनी मान्य केलं असतं. त्यांचं म्हणणं त्या मान्यच करत आल्या होत्या. बायको त्यांच्याकडे पाहत होती.

"माझी चूक आहे," मास्तर म्हणाले. "जो वॉल्व्ह काढायचा होता, तोच मी घातला. सवयीने. मला माहीत होतं तरी घातला."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग समोरच्या कठड्याकडे. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे वाऱ्याने हलत होते.

"आणि वास आला तो?"

"तोही त्याचाच. चाक गरम लागलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. हिने विचारलं होतं, मी उडवून लावलं."

एक बस वरून आली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून मदत हवी का विचारलं, बायकोने हातानेच नको म्हटलं. ताईंनी पदराने कपाळ पुसलं, टेंगूळ चाचपलं.

"लहानपणी माझी बाहुली उघडून बघितली होतीस," त्या म्हणाल्या. "आत काय आहे ते. परत जोडलीस तेव्हा तिचा पाय उलटा होता. तेव्हापासून तुझ्या हातात दिलेली वस्तू मी परत तपासते. ही एक तपासली नाही."

त्यांचा आवाज या वाक्याच्या शेवटी हलला, आणि तो हलला याचाच त्यांना राग आलेला दिसला. त्या दार ढकलून बाहेर आल्या आणि पिकअपला टेकल्या. मास्तरांनी पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. बायकोचा घेतला.

मास्तर चाकांजवळ उकिडवे बसले. चकत्या निळसर पडल्या होत्या. तेल काढून, नळी सोडून तो वॉल्व्ह तिथल्या तिथे काढता आला असता; हत्यारं पिकअपमध्ये होती. चाकं निवली की पाऊण तासाचं काम. त्यांनी पाना उचललाही. मग परत ठेवला. उकळलेलं तेल, भाजलेले पॅड, तापून निघालेली रबरं यांवर त्यांना आता उतार उतरायचा नव्हता आणि दुसऱ्या कुणाला उतरवायचाही नव्हता. त्यांनी क्रेनवाल्याला फोन लावला. गाडी रस्त्याबाहेर नालीत होती, रहदारीला अडत नव्हती. क्रेन दुसऱ्या कामावर होती. आज जमणार नाही, उद्या सकाळी येतो, असं तो म्हणाला.

ताईंनी टाकीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. पलीकडून तो काहीतरी कुरकुरला, तेव्हा त्यांनी त्याला सुनावलं की टाकी गळते आहे, उडून गेलेली नाही. आवाज पुन्हा त्यांचा झाला होता. मग फोन ठेवून त्या मास्तरांकडे वळल्या.

"डिस्कच ठेवायची?"

"हो. डिस्क बरोबर आहे. मी चुकलो."

"मग उघडशील तेव्हा मी तिथे बसणार. प्रत्येक तुकडा काढताना मला सांगायचं, घालताना सांगायचं. का काढला, का घातला. मला कळेल अशा भाषेत."

मास्तर हो म्हणाले. बायकोने पिकअपचं मधलं सीट झाडलं. तिघं एका रांगेत बसले, ताई मध्ये. पिकअप वळून गॅरेजच्या दिशेने चढाला लागली आणि निळं छप्पर वळणामागे गेलं. चढावर मास्तरांचा पाय फरशीवर होता, उतारावरही. या वेळी त्यांच्या शेजारी ताईंचाही पाय होता.

क्रेन उद्या सकाळी सातला माथ्यावरून खाली उतरेल आणि गाडी घेऊन साडेआठपर्यंत गॅरेजपाशी येईल. गॅरेजचं शटर रोजच्यासारखं आठला उघडतं. उद्या दुसरी कोणतीही गाडी आत घ्यायची नाही, असं बायकोने फोन करून दोन गिऱ्हाइकांना कळवलं आहे.